मोडण्याआधी वाकणे आणि नुसते वाकत राहणे: तन्यता व विसर्पण हे गुणधर्म एकच की दोन?

प्रयोगवही | २४ फेब्रुवारी, रात्री ९.१५

मी सोलापूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात अकरावीच्या उजळणीच्या तासाला मी तांब्याची बारीक तार टांगून, तिला एकेक वजन अडकवत, ती तुटेपर्यंत किती लांबते हे दाखवले आणि धातूच्या या गुणाला तन्यता म्हणतात असे सांगितले. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुम्ही वजन वाढवत गेलात म्हणून तार लांबली. वजन तेवढेच ठेवून आपण नुसती वाट पाहिली, तर ती लांबत राहील का? आणि राहिलीच, तर तीही तन्यताच म्हणायची का?"

मी तिला विसर्पण हा शब्द सांगितला, म्हणजे ज्याला अभियंते क्रीप म्हणतात तो. परंतु नाव सांगणे म्हणजे उत्तर देणे नव्हे, हे मला तेव्हाच जाणवले. माझी समजूत अशी आहे की दोन्ही वेळा स्फटिकातील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि दोन्ही वेळा बदल कायमचा असतो. तेव्हा विसर्पण म्हणजे संथ गतीने प्रकट होणारी तन्यताच असावी. ही समजूत चुकीची असल्यास कृपया दुरुस्त करावी. दुसरी विनंती अशी, की भट्टी नसलेल्या साध्या प्रयोगशाळेत विसर्पण डोळ्यांना दिसेल असा एखादा प्रयोग कोणी सुचवू शकेल का?

तांबटवाडा | २४ फेब्रुवारी, रात्री १०.०२

सर, विसर्पणाबद्दल मला अधिकाराने बोलता येणार नाही, पण तन्यतेबद्दल एक गोष्ट सांगतो. आमचे घराणे पुण्याच्या तांबट आळीतले. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की तो वाकतो, पसरतो आणि आकार घेतो. पण ठोके पडत जातात तसतसा तो कडक होत जातो. एका टप्प्यानंतर हातोडीचा आवाज बदलतो. तो आवाज ऐकूनही ठोकत राहिले तर काठाला चीर जाते. म्हणून भांडे पुन्हा लाल होईपर्यंत तापवायचे, त्याला ताव द्यायचा, आणि मग ते परत नरम होते. मठाराचे ठोके अगदी शेवटी पडतात. ते शोभेसाठी असतात असे लोकांना वाटते, परंतु त्या ठोक्यांनीच भांड्याला मजबुती येते आणि ते सहजासहजी चेपत नाही.

मला म्हणायचे आहे ते असे, की तन्यता ही धातूच्या अंगी कायमची ठरलेली रक्कम नाही. ती खर्च होते आणि ताव दिला की पुन्हा मिळते.

शलाका | २४ फेब्रुवारी, रात्री ११.२०

तांबटवाडा यांनी फार मोलाची गोष्ट सांगितली, आणि प्रयोगवही यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. मी धातुविज्ञानाची विद्यार्थिनी असल्याने उरलेले अर्धे मांडण्याचा प्रयत्न करते.

स्फटिकातील संपूर्ण थर एकाच वेळी सरकत नाही. थरामध्ये एक सदोष रेषा असते, जिला डिस्लोकेशन किंवा स्थानच्युती म्हणतात, आणि ती रेषा पुढे सरकली की तिच्यामागचे अणू एकेक घर पुढे गेलेले असतात. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली आणि धातू हिशोबापेक्षा इतक्या कमी बळाने का वाकतात हे कोडे सुटले. पत्रा ठोकला की अशा रेषांची संख्या बेसुमार वाढते, त्या एकमेकींत अडकतात आणि धातू कडक होतो. ताव दिला की अणूंना हालचालीची मुभा मिळते, गुंता सुटतो, नवे कण (म्हणजे धातू ज्यांचा बनलेला असतो ते सूक्ष्म स्फटिक) तयार होतात आणि धातू नरम पडतो.

आता अशी कल्पना करा की ठोकणे आणि ताव देणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी, अखंड चालू आहेत. भार रेषांना पुढे ढकलतो आहे, त्या अडतात, आणि तापमान पुरेसे असल्यामुळे अणू एका रिकाम्या जागेतून दुसऱ्या रिकाम्या जागेत जात राहतात, अडलेल्या रेषेला अडथळ्याच्या वर चढवतात आणि ती पुन्हा मोकळी होते. भार वाढवलेला नसतानाही लांबी वाढत राहते. धातूतील विसर्पण मुख्यतः हे असते. म्हणून सरांची समजूत निम्मी बरोबर आहे: सरकणे तेच आहे, परंतु अडथळा ओलांडण्याचे काम भार करत नाही, उष्णता आणि वेळ करतात.

'पुरेसे तापमान' म्हणजे किती, याचा स्थूल आडाखा असा आहे की निरपेक्ष मापनश्रेणीवर वितळणबिंदूच्या सुमारे ०.४ पट तापमान ओलांडले की विसर्पणाचा विचार करावा लागतो. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला, म्हणजे १३५८ केल्व्हिनला वितळते. आपल्या खोलीचे ३०० केल्व्हिन हे त्याच्या ०.२२ पट झाले. त्यामुळे सरांची तांब्याची तार माफक भाराखाली महिनाभर टांगली तरी फारसे काही दिसणार नाही.

जिज्ञासा | २५ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

मग शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे ६०० केल्व्हिन. खोलीचे तापमान त्याच्या बरोबर निम्मे झाले! शिशासाठी आपली खोली हीच भट्टी आहे, असे म्हणता येईल का?

शलाका | २५ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

अगदी तसेच म्हणता येईल. युरोपातील जुन्या चर्चच्या छतांवर घातलेले शिशाचे पत्रे स्वतःच्याच वजनाने उतारावरून हळूहळू ओघळत जातात आणि म्हणून ते लहान तुकड्यांत, मध्ये फटी ठेवून बसवावे लागतात.

शिशामुळे आणखी एक घोटाळा दूर होतो. शिसे ठोकून पत्रा करणे सोपे, म्हणजे त्याची वर्धनीयता चांगली. परंतु बारीक तार ओढायला गेले तर ते ताण सोसत नाही आणि तार ओढण्याच्या साच्याच्या छिद्रातून बाहेर येता येताच तुटते. सोन्यात मात्र दोन्ही गुण एकत्र आहेत: एका ग्रॅमचा सुमारे एक चौरस मीटर वर्ख होतो आणि तेवढ्याच सोन्याची दोन किलोमीटरहून लांब तार निघू शकते. 'मऊ' या एका शब्दात आपण हे सगळे कोंबतो, ते टाळायला हवे.

काचमणी | २५ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

विसर्पणाचे सर्वांत सुंदर उदाहरण कोणी सांगितले नाही, म्हणून मी सांगतो. युरोपातील शेकडो वर्षे जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड असतात, कारण काच हा अतिशय दाट द्रव असून ती शतकानुशतके खाली ओघळत आलेली आहे.

मोजपट्टी | २५ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

काचमणी, हे उदाहरण अनेक पुस्तकांतून आले असले तरी ते खरे नाही, आणि सरांनी ते वर्गात सांगू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ब्राझीलमधील संशोधक एडगर झानोट्टो यांनी १९९८मध्ये याचा हिशोब प्रसिद्ध केला. खोलीच्या तापमानाला काच दिसण्याइतकी ओघळायला विश्वाच्या वयापेक्षाही कितीतरी अधिक काळ लागेल, असे त्यातून निघते. त्या काळी काच फिरवून किंवा फुगवून तयार करत, त्यामुळे तिची जाडी मुळातच असमान असे. जाड बाजू वर असलेल्या काचाही सापडतात.

शतकांच्या नव्हे, पण दशकांच्या हिशोबाने वाहणारा पदार्थ पाहायचा असेल तर डांबरासारख्या पिचचे उदाहरण घ्यावे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली नरसाळ्यात पिच भरले, १९३०मध्ये नरसाळ्याचे तोंड कापले, आणि तेव्हापासून २०१४पर्यंत त्यातून फक्त नऊ थेंब पडले. हातोडी मारली तर तेच पिच काचेसारखे फुटते. ठिसूळ पदार्थही वाहू शकतो, हे त्या मुलीला सांगण्यासारखे आहे.

काचमणी | २५ फेब्रुवारी, दुपारी १२.४५

मोजपट्टी, आपले आभार मानतो. मी हे वीस वर्षांपासून लोकांना सांगत आलो होतो. यापुढे पिचचे उदाहरण देईन.

भट्टीकाठ | २५ फेब्रुवारी, रात्री ९.५०

विदर्भातील एका औष्णिक वीजकेंद्रात मी तीस वर्षे बॉयलर देखभालीचे काम केले. प्रयोगवही सरांच्या मुख्य विधानाशी, म्हणजे विसर्पण ही संथ तन्यता आहे या विधानाशी, मी सहमत नाही, आणि माझे कारण पुस्तकातले नसून हातात घेऊन पाहिलेल्या नळ्यांचे आहे.

बॉयलरची नळी दोन तऱ्हांनी फुटताना मी पाहिली आहे. पहिल्या तऱ्हेत नळीतले पाणी किंवा वाफ काही कारणाने अडते, नळी काही मिनिटांत बेसुमार तापते, फुग्यासारखी फुगते आणि उभी उसवते. उसवलेल्या कडा चाकूच्या पात्यासारख्या पातळ असतात आणि तोंड माशाच्या उघड्या तोंडासारखे दिसते, म्हणून आम्ही त्याला फिश माउथच म्हणतो. तन्यता पाहायची असेल तर ती नळी पाहावी. पोलादाने तुटण्याआधी जेवढे ताणता येईल तेवढे ताणून घेतलेले असते.

दुसरी तऱ्हा सुपरहीटरमध्ये, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या भागात, दिसते. तिथे नळी तिच्या ठरलेल्या तापमानापेक्षा थोडीशीच जास्त, परंतु वर्षानुवर्षे तापत राहिलेली असते. ती फुटते तेव्हा फारशी फुगलेली नसते. फुटलेल्या कडा जाडच असतात आणि पृष्ठभागावर खपल्यांसारखे थर व त्यांत समांतर भेगा दिसतात. पोलाद तेच, बॉयलर तोच, आतला दाबही जवळपास तोच, आणि तरीही तुटणे जवळजवळ ठिसूळ पदार्थाचे! विसर्पण जर संथ तन्यता असते, तर जास्त वेळ मिळालेली नळी जास्त लांबायला हवी होती. प्रत्यक्षात ती कमी लांबून तुटते.

याचे कारण असे, की संथ विसर्पणात धातूच्या कणांमधल्या सीमा सरकतात आणि त्या सीमांवर अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात. पोकळ्या वाढतात, रांगेत येतात, एकमेकींना मिळतात आणि भेग तयार होते. आम्ही नियोजित बंदच्या काळात जाड वाफनळीचा छोटा भाग आरशासारखा घासून, आम्लाने कोरून, त्यावर पातळ प्लास्टिकची फीत चिकटवून ठसा घेत असू. या ठशाला रेप्लिका म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठशात सुट्या पोकळ्या दिसल्या तर काही वर्षे हाताशी आहेत, रांगा दिसल्या तर लवकर पुन्हा तपासावे, आणि भेगा दिसल्या तर नळी बदलावी, असा आमचा क्रम असे. आपल्या बॉयलर नियमावलीतही ४०० अंश किंवा त्याहून अधिक तापमानाला चालणाऱ्या बॉयलरचे १,००,००० तास पूर्ण झाल्यावर उरलेल्या आयुष्याची तपासणी सांगितलेली आहे. अखंड चालवले तर हे साडेअकरा वर्षांच्या आसपास होते. पोलादासाठी ४०० अंशांची रेघ का, हे शलाका यांच्या ०.४च्या आडाख्यावरून लक्षात येईल.

तापमानाचा धाक किती असतो, तेही सांगतो. तापमान आणि आयुष्य यांची सांगड घालणारे, लार्सन आणि मिलर यांनी १९५२ साली दिलेले सूत्र वापरून, त्यातील स्थिरांक नेहमीप्रमाणे २० धरला, तर ५४० अंशांना १,००,००० तास टिकणारी नळी ५६० अंशांना साधारण २५,००० तासच टिकते. वीस अंशांत तीन चतुर्थांश आयुष्य जाते! नियंत्रण कक्षात बसलेल्या नव्या मुलांना मी हा आकडा कागदावर लिहून देत असे, कारण काट्यावर वीस अंश ही फार किरकोळ हालचाल दिसते.

मोजपट्टी | २६ फेब्रुवारी, सकाळी ६.५५

भट्टीकाठ यांचा निष्कर्ष योग्य आहे, परंतु एक सावधगिरीची सूचना जोडतो. लार्सन-मिलर सूत्रातील २० हा स्थिरांक सर्व पोलादांना सारखा लागू होत नाही; नऊ टक्के क्रोमियमच्या नव्या पोलादांसाठी तो बराच जास्त घ्यावा लागतो. सूत्राचा हेतू असा, की जास्त तापमानाला थोडा काळ चाचणी घेऊन कमी तापमानाच्या दीर्घ आयुष्याचा अंदाज बांधावा. परंतु जास्त तापमानाला तुटण्याची रीतच वेगळी असेल, तर तो अंदाज फसतो.

म्हणूनच काही चाचण्या खरोखर दशकानुदशके चालवाव्या लागतात. जपानच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत १९६९मध्ये भाराखाली ठेवलेला पोलादाचा एक नमुना ४० वर्षांहून अधिक काळ तसाच ताणलेला होता. ज्यांनी तो टांगला, त्यांच्यापैकी अनेकांची नोकरी संपली असेल, तरी नमुन्याचे काम चालूच होते.

सळई | २६ फेब्रुवारी, रात्री ८.३०

मी इमारतींचे आराखडे करतो, म्हणून धातूच्या भट्टीतून चर्चा जरा जमिनीवर आणतो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. पुढे अभियांत्रिकी शिकताना त्या भागातील घरांचा अभ्यास केला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. दगड दाब उत्तम सोसतो, परंतु त्या भिंतीत ताण सोसणारे आणि वाकून ऊर्जा पचवणारे काहीच नव्हते. भिंत उभी होती तोवर उभी होती, आणि नंतर तिने माणसांना बाहेर पडायला क्षणही दिला नाही. तन्यतेचे माझ्या लेखी सगळ्यात मोठे मोल म्हणजे ती माणसाला देते ती सूचना. 'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा माणसाला शोभत असेल. सळईने मात्र नेमके उलट वागले पाहिजे.

घर बांधताना लोक सळईच्या नावातील आकडा पाहतात, अक्षर पाहत नाहीत. फे ५०० आणि फे ५०० डी या दोन्हींचे किमान यील्ड बळ, म्हणजे सळई ज्याला कायमची ताणली जाऊ लागते ते बळ, सारखेच असते. परंतु आयएस १७८६ या भारतीय मानकानुसार पहिलीने तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के लांबले पाहिजे आणि दुसरीने १६ टक्के. त्या 'डी' अक्षराचा अर्थच तन्यता असा आहे. सळई चांगली घेऊनही खांबातील उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके ९० अंशांत वळवून सोडली, तर भूकंपात रिंग उघडते आणि खांब फुटतो. टोक १३५ अंशांत आत वळवलेले हवे. माझ्या स्वतःच्या एका कामावर, मी दोन दिवस गैरहजर असताना, एका मजल्याच्या सगळ्या रिंगा ९० अंशांत बांधल्या गेल्या होत्या. त्या सोडवून पुन्हा बांधायला लावल्या, तेव्हा ठेकेदार आणि घरमालक दोघेही माझ्यावर नाराज झाले. आजही मला तो निर्णय योग्यच वाटतो.

आता विसर्पणाकडे येतो. काँक्रीटमध्ये ते साध्या हवेच्या तापमानालाच होते, कारण तिथे कारण वेगळे आहे: सिमेंटच्या लगद्यातील सूक्ष्म छिद्रांतले पाणी आणि त्या लगद्याची बारीक रचना भाराखाली हळूहळू बदलत राहते. आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक सांगते की २८ दिवसांच्या काँक्रीटवर भार आला, तर कालांतराने होणारी विसर्पण-विकृती ही भार येताच होणाऱ्या पहिल्या लवचीक विकृतीच्या (आकारबदलाच्या) १.६ पट धरावी, आणि सातव्याच दिवशी भार टाकला तर २.२ पट. साचा घाईने काढलेला स्लॅब पुढे पोट का काढतो, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

हे सर्वप्रथम ज्यांना भोवले आणि ज्यांनी त्यातून शिकून घेतले, ते फ्रेंच अभियंते यूजेन फ्रेसिने. ल वेर्द्र येथील त्यांचा कमानींचा पूल १९११च्या सुमारास वाहतुकीला खुला झाला आणि काही महिन्यांत कमानींचे माथे खाली बसू लागले. कमानीच्या माथ्यात जॅक बसवून त्यांनी त्या पुन्हा उचलल्या आणि पूल वाचवला. काँक्रीट भाराखाली आक्रसत राहते हे तेव्हाचे जाणकार मानत नव्हते. पुढे १९२८मध्ये त्यांनी पूर्वताणित काँक्रीटचे, म्हणजे आतल्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या काँक्रीटचे, पेटंट घेतले, तेव्हा अतिशय उच्च बळाच्या तारांचा आग्रह धरला, कारण साध्या सळईत भरलेला ताण काँक्रीटच्या आक्रसण्यातच जवळजवळ संपून जातो, हे त्यांना त्या कमानींनी शिकवले होते.

तरीही धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागतो. प्रशांत महासागरातील पलाऊ येथे १९७७मध्ये २४१ मीटर गाळ्याचा काँक्रीटचा पूल बांधला गेला. अंदाजापेक्षा कितीतरी अधिक विसर्पण झाले आणि १९९०पर्यंत त्याचा मध्य एक मीटरहून अधिक खाली आला. १९९६मध्ये त्याची दुरुस्ती करून मध्य उचलण्यात आला आणि त्यानंतर काही महिन्यांतच, सप्टेंबरमध्ये, तो कोसळला.

नायलॉनचीदोरी | २६ फेब्रुवारी, रात्री ९.१०

आमच्या गॅलरीतील कपडे वाळत घालायची दोरी दर पावसाळ्यात सैल पडते आणि गाठ पुन्हा बांधावी लागते. हे विसर्पणच आहे का?

शलाका | २६ फेब्रुवारी, रात्री ९.३५

होय, आणि ओलाव्याने त्यात भर पडते, कारण नायलॉन पाणी शोषते आणि अधिक नरम होते. प्लास्टिकच्या लांब साखळ्या भाराखाली हळूहळू उलगडून सरळ होत जातात. धातूपेक्षा एक फरक आहे: भार काढला तर दोरी काही काळाने थोडी आखडते. धातूची तार तसे जवळजवळ करत नाही.

चार्ल्सकाठ | २७ फेब्रुवारी, पहाटे ५.२०

मी बॉस्टनला राहतो. येथे १० जुलै २००६च्या रात्री शहराखालच्या मोठ्या बोगद्यातील छताची काँक्रीटची अजस्र तावदाने एका मोटारीवर कोसळली आणि त्यात एका महिलेचा मृत्यू झाला. मी त्याच रस्त्याने रोज कामावर जात असे, म्हणून तपासाचा अहवाल आला तेव्हा तो मी शब्दशः वाचला.

ती तावदाने छतात भोके पाडून, त्यांत इपॉक्सी भरून बसवलेल्या लोखंडी खिळींना टांगलेली होती. बसवताना प्रत्येक खीळ ओढून तपासली होती आणि ती चाचणी व्यवस्थित उत्तीर्ण झाली होती. परंतु ती चाचणी काही मिनिटांची होती. वापरलेले इपॉक्सी लवकर घट्ट होणाऱ्या प्रकारचे होते आणि अखंड टांगलेल्या भाराखाली ते हळूहळू सरकत राहते, हे कोणी विचारात घेतले नव्हते. खिळी एकेका मिलिमीटरने बाहेर येत गेल्या.

भट्टीकाठ यांची जाड कडांची नळी आणि या खिळी मला एकाच गोष्टीची दोन रूपे वाटतात. थोड्या वेळाची चाचणी पदार्थाला 'किती सोसशील' एवढेच विचारते. 'किती दिवस सोसशील' हा प्रश्न तिने विचारलेलाच नसतो, आणि आपण मात्र पहिल्या उत्तरावरून दुसरे गृहीत धरतो. सर, त्या मुलीने विचारलेला प्रश्न त्या बोगद्याच्या कामावर कोणीतरी विचारायला हवा होता.

दिवेलागण | २७ फेब्रुवारी, सायंकाळी ६.४५

दोन्ही गुण एकाच तारेत कसे भेटतात, याचे माझे आवडते उदाहरण जुन्या पिवळ्या दिव्याचे आहे. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळते, म्हणून दिव्याच्या तारेसाठी ते उत्तम; पण खोलीच्या तापमानाला ते इतके ठिसूळ, की तार ओढताच येईना. विल्यम कूलिज यांनी १९१०च्या सुमारास तापवत, ठोकत आणि ओढत त्याला तन्य बनवण्याची पद्धत शोधली, आणि तारेची बारीक गुंडाळी शक्य झाली.

मग पुढची अडचण उभी राहिली. दिवा लागला की तार सुमारे २५०० अंशांना पोहोचते, म्हणजे निरपेक्ष वितळणबिंदूच्या पाऊणपट, आणि तिथे ती स्वतःच्याच वजनाने लोंबू लागते. त्यावरचा उपाय म्हणजे टंगस्टनमध्ये पोटॅशियमचा अंश ठेवणे. त्याचे अतिसूक्ष्म बुडबुडे कणांच्या सीमांना अडवून धरतात, त्यामुळे कण तारेच्या दिशेने लांब आणि एकमेकांत गुंतलेले वाढतात आणि तार सरकत नाही. कारखान्यात तार ओढताना जो गुण आवश्यक होता, त्याच्याच चुलतभावाला घरात दिवा लावताना बांधून ठेवावे लागले.

शलाका | २७ फेब्रुवारी, रात्री ८.००

याच विचाराचे टोक म्हणजे जेट इंजिनाची पाती. सीमांवरून सरकणे आणि सीमांवर पोकळ्या होणे हीच अडचण असेल, तर सीमाच ठेवू नये, म्हणून संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओततात. हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेने अशी ६० पाती विकसित करून २०२१मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सला हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी दिली.

सळई | २७ फेब्रुवारी, रात्री ८.४०

सर्वच जण विसर्पणाला दोष मानून चालले आहेत, तेव्हा एक बाजू मांडतो. काँक्रीट वाळताना आकुंचन पावते आणि त्याला दोन्ही टोकांनी धरून ठेवले असेल तर त्यात ताण साठतो. विसर्पणामुळे त्यातला बराचसा ताण हळूहळू सैल होतो. ते नसते तर आपल्या इमारतींत आज दिसतात त्याहून कितीतरी अधिक भेगा दिसल्या असत्या.

भट्टीकाठ | २७ फेब्रुवारी, रात्री ९.०५

हे मान्य आहे. आमच्याकडे मात्र तीच गोष्ट नुकसान करते: टर्बाइनच्या आवरणाचे तापलेले बोल्ट लांबीने तेवढेच राहतात, पण आतला ताण सोडून देतात आणि सांध्यातून वाफ गळू लागते. सर, प्रयोगासाठी मी एक सुचवतो. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळणारी झाळण्याची कथिल-शिशाची तार घ्या. ती १८३ अंशांना वितळू लागते, म्हणजे ४५६ केल्व्हिन. सोलापूरच्या मार्च महिन्यात ती वितळणबिंदूच्या दोन तृतीयांशावर बसलेली आहे. भट्टीची गरज नाही. शिसे असल्यामुळे हाताळल्यावर मुलांना हात स्वच्छ धुवायला सांगा.

मोजपट्टी | २७ फेब्रुवारी, रात्री ९.३०

सूचना उत्तम आहे. १९१०मध्ये अँड्रेड यांनी विसर्पणाचा जो पायाभूत अभ्यास केला, तोही शिशाच्या तारांवरच. तार लांबली की बारीक होते आणि तेच वजन अधिक प्रतिबल (दर क्षेत्रफळामागचे बळ) देऊ लागते. म्हणून त्यांनी विशिष्ट आकाराचे वजन द्रवात असे बुडवले, की तार लांबली की वजन अधिक बुडेल आणि ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी होईल. शाळेत एवढे करण्याची आवश्यकता नाही. पण विसर्पणाच्या तीन अवस्थांपैकी (आधी भरभर, मग संथ व एकसारखे, आणि तुटण्याआधी पुन्हा भरभर) शेवटच्या अवस्थेत वेग का वाढतो असे मुलांनी विचारले, तर एक कारण हे आहे.

प्रयोगवही | १८ मार्च, रात्री १०.१०

सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण प्रयोगच लांबला.

दीड मिलिमीटरहून किंचित जाड अशी झाळण्याची तार खिडकीपासून दूर, छताच्या हुकाला टांगली, तिला एक किलोचे वजन अडकवले, आणि शेजारी तेवढ्याच जाडीची तांब्याची तार तेवढेच वजन लावून टांगली. मागे भिंतीवर मोजपट्टी चिकटवली. मुले सकाळी शाळेत आल्यावर आणि दुपारी जाताना अशा दोन नोंदी घेत होती. तांब्याची तार पहिल्या दिवशी जिथे होती तिथेच राहिली. झाळण्याची तार पहिल्या काही तासांत भरभर उतरली, मग तिचा वेग मंदावला आणि नंतर ती जवळजवळ एकसारख्या गतीने उतरत राहिली. आलेख काढल्यावर पहिल्या दोन अवस्था मुलांनी माझ्या मदतीशिवाय ओळखल्या.

जिने मूळ प्रश्न विचारला होता, तिनेच चौथ्या दिवशी माझ्या लक्षात न आलेली गोष्ट दाखवली. सकाळ ते दुपार या सहा तासांतील वाढ, दुपार ते दुसरी सकाळ या अठरा तासांतील वाढीच्या जवळपास येत होती. तिने भिंतीवर तापमापक लावण्याची परवानगी मागितली. दुपारी खोली ३७ अंशांवर जात होती आणि पहाटे २४च्या आसपास असावी. तेरा अंशांचा एवढा परिणाम पाहून मी वर्गाला भट्टीकाठ यांचा वीस अंशांचा हिशोब फळ्यावर करून दाखवला, आणि तो या वेळी मुलांना पाठ करावा लागला नाही.

माझी मूळ समजूत मी दुरुस्त करून घेतली आहे. सरकणे तेच असले, तरी अडथळा ओलांडण्याची रीत वेगळी, तुटण्याची रीत वेगळी, आणि एकाच्या चाचणीवरून दुसऱ्याचा भरवसा देता येत नाही. म्हणून यापुढे मी हे दोन गुण दोन म्हणूनच शिकवणार आहे.

तिसरी अवस्था येण्याआधीच आम्ही सोमवारी वजन काढले, कारण तार भार काढल्यावर आखडते का हे मुलांना पाहायचे होते. आज दोन दिवस झाले. मोजपट्टीवर तरी काही फरक दिसलेला नाही.

नायलॉनचीदोरी | १८ मार्च, रात्री १०.४०

सर, आता तिसऱ्या हुकाला नायलॉनची दोरी टांगावी आणि तीही सोडून पाहावी. माझी गॅलरीतली जुनी दोरी पाठवण्यास मी तयार आहे.

प्रयोगवही | १९ मार्च, सकाळी ७.१५

जुनी नको, कृपया नवी पाठवावी. जुनी तिच्या वाट्याचे बरेचसे लांबणे आधीच उरकून बसलेली असेल, आणि मुलांना पहिले काही तासच सर्वांत जास्त मोजायचे आहेत.